सद्दामच्या घरात कॅमेरा शिरला, तेव्हा समीक्षक नेमके कशावर भांडले?

एका मुलीचा वाढदिवस आहे. बंगल्यात पाहुणे जमलेत, मुलांचा दंगा चाललाय, बायका ठेवणीतले कपडे घालून आल्यात. आणि तेवढ्यात आतल्या बाजूला मुलीचा बाप नात्यानं आणि पदानंही मोठ्या असलेल्या माणसाला शांतपणे सुचवतो, की तुमची तब्येत काही बरी नसते, आता खुर्चीवरून उठा. बाहेर केक, आत सत्तापालट. साल १९७९, शहर बगदाद, बाप सद्दाम हुसेन आणि खुर्ची सोडणारे इराकचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमद हसन अल-बक्र.

'हाउस ऑफ सद्दाम' या मालिकेच्या पहिल्या भागातला हा प्रसंग. बीबीसी आणि एचबीओ यांनी मिळून काढलेली ही चार भागांची मालिका ब्रिटनमध्ये जुलै २००८च्या अखेरीस बीबीसी टूवर सुरू झाली, अमेरिकेत त्याच वर्षी डिसेंबरात दाखवली गेली. सद्दामला फाशी होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. आणि ज्या दोन देशांच्या वाहिन्यांनी मालिका काढली, त्या दोन्ही देशांच्या फौजा अजून इराकमध्ये तळ ठोकून होत्या.

मालिकेवर तेव्हा जे लिहून आलं ते सलग वाचलं तर माणूस चक्रावतो. सद्दामचं काम करणारा नट जबरदस्त आहे, यावर जवळपास एकमत. त्यानंतर मात्र वाटा फुटतात. कुणाला मालिका घट्ट बांधलेली आणि थरारक वाटली, कुणाला ती उंची कपड्यांतली सासू-सुनेची मालिका वाटली. एकानं म्हणावं, अखेर हुकूमशहा माणूस म्हणून दिसला; दुसऱ्यानं म्हणावं, हेच तर नको होतं. एकाच मालिकेबद्दल इतकं टोकाचं दुमत कसं? हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे, कारण हुकूमशहाच्या कुटुंबावर मालिका आली की दर वेळी हेच होतं.

आपल्याला परीक्षणाची सवय आहे ती अशी: कथा कशी, अभिनय कसा, नेपथ्य कसं, शेवटी साडेतीन तारे. साध्या मालिकेला एवढं पुरतं. हुकूमशहाच्या मालिकेला हीच मोजमापं लावणं म्हणजे कापड मोजायला तराजू काढणं. मालिका चांगली आहे का, खरी आहे का, कुणी कुणाची भूमिका करावी आणि या कथेत कोण दिसतच नाही, हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत. प्रत्येक समीक्षक आपापला प्रश्न धरून बसतो आणि उत्तर मात्र एकाच वाक्यात देतो. वाचणाऱ्याला वाटतं, हे एकमेकांना खोडून काढतायत. बऱ्याचदा ते एकमेकांशी बोलतही नसतात.

माफियाची उपमा

या मालिकेच्या परीक्षणांत एक तुलना पुन्हा पुन्हा आली. माफिया घराण्यांवरचे 'गॉडफादर' हा सिनेमा आणि 'सोप्रानोज' ही मालिका. ती सुचणं साहजिक होतं. जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली दणकट माणसं, निष्ठेच्या आणाभाका, भावाभावांत धुमसणारा मत्सर, सगळं माहीत असून न पाहिल्यासारखं करणारी बायको, आणि मधे बसलेला तो, ज्याच्या चेहऱ्याकडे पाहून बाकीचे हसायचं की नाही हे ठरवतात. मालिका या धाटणीत बेतलेली आहे आणि ते तिनं लपवलेलंही नाही.

ही तुलना एका परीनं कौतुक असते. गुंतागुंतीचा इतिहास प्रेक्षकाला कळेल अशा चौकटीत बसवला, असा तिचा अर्थ. पण त्यात एक खोच आहे. गुंडांच्या सिनेमात आपण टोळीच्या म्होरक्याच्या बाजूनं मजेत बसू शकतो, कारण तिथं मरणारे बहुतेक दुसऱ्या टोळीचेच असतात. खेळात उतरलेत, नियम माहीत आहेत, हरले. इराकमध्ये तसं नव्हतं. जुलै १९८२ मध्ये दुजैल गावाजवळ सद्दामच्या ताफ्यावर गोळीबार झाला. त्याचा सूड म्हणून पुढं १४८ माणसांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत कोवळी पोरंही होती. सद्दामला अखेर फाशी झाली ती याच खटल्यात. दुजैलची ती माणसं कुठल्या टोळीत नव्हती. माफियाची चौकट घेतली की असा मेलेला माणूस कथेत बसवायला जागाच उरत नाही. तो फार तर नायकाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून येतो आणि जातो.

तरी 'ही नुसती घरगुती भांडणं आहेत' अशी नाकं मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. कारण इराकचं सरकार खरोखरच एका घरातून चालत होतं. सद्दामची बायको साजिदा ही त्याची मामेबहीण. तिचा भाऊ अदनान खैरल्लाह संरक्षणमंत्री. सद्दामचा सावत्र भाऊ बरझान गुप्तहेर खात्याचा प्रमुख. चुलतभाऊ अली हसन अल-मजीद, ज्याला विषारी वायूच्या हल्ल्यांमुळं जगानं पुढं 'केमिकल अली' म्हटलं. जावई हुसेन कामेल शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांचा कर्ताधर्ता. थोरला मुलगा उदय ऑलिंपिक समितीवर आणि वर्तमानपत्रावर, धाकटा कुसय सुरक्षा यंत्रणेवर. सद्दामच्या तिक्रित परिसरातली माणसं इतकी जागोजाग बसवली होती, की १९७६ मध्ये सरकारनं नेत्यांना गाव किंवा कूळ दाखवणारी आडनावं लावायलाच बंदी केली. लोकांनी 'अल-तिक्रिती' मोजत बसू नये म्हणून! जिथं मंत्रिमंडळाची बैठक आणि कौटुंबिक स्नेहभोजन यांत फारसा फरक नाही, तिथं राजकारण समजून घ्यायला स्वयंपाकघराच्या दारातून आत जाणं हे चुकीचं म्हणता येत नाही.

मालिकेचा तिसरा भाग याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. ऑगस्ट १९९५ मध्ये हुसेन कामेल आणि त्याचा भाऊ सद्दाम कामेल, दोघेही सद्दामचे जावई, बायकामुलांना घेऊन जॉर्डनला पळाले. अम्मानमध्ये बसून हुसेन कामेलनं संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांना शस्त्रास्त्रांची माहिती दिली. तिथं त्याला हवा होता तसा मान कुणी दिला नाही. मग सासऱ्याकडून माफीचा शब्द आला, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये दोघे भाऊ परत गेले. सीमा ओलांडताच बायका वेगळ्या केल्या गेल्या, लगोलग घटस्फोट झाले आणि काही दिवसांतच त्यांच्याच कुळातल्या माणसांनी घराला वेढा घालून दोघांना ठार मारलं. घराण्याची अब्रू घराण्यानंच राखली, असं त्याला रूप दिलं गेलं. सद्दामच्या दोन मुली, रघद आणि राना, यांच्या मुलांचे बाप एकाच दिवशी गेले. कुणी हे कल्पनेनं लिहून नेलं असतं तर निर्मात्यानं 'जरा अतीच होतंय' म्हणून परत पाठवलं असतं.

यातली आणखी एक गोष्ट मला मालिकेपेक्षाही विलक्षण वाटते. १९८० मध्ये इराकमध्ये सद्दामच्या तरुणपणावर एक लांबलचक चित्रपट काढला गेला होता. १९५९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांच्यावर झालेला हल्ला, जखमी सद्दामचं पळून जाणं, वगैरे. त्यात तरुण सद्दामचं काम केलं होतं या सद्दाम कामेलनं. म्हणजे पडद्यावर सद्दाम झालेल्या माणसालाच पुढं सासऱ्यानं संपवलं.

बंद दाराआडचं कुणाला माहीत?

दुसरं भांडण खऱ्याखोट्याचं. बंद खोलीत नवराबायको काय बोलले हे लेखकाला कसं कळलं? उत्तर साधं आहे: कळलेलं नाही. अशा मालिकांत सांगाडा इतिहासाचा असतो आणि मांस लेखकाचं. तारखा, हत्या, पळापळ हे नोंदलेलं, संवाद रचलेले. अॅलेक्स होम्स आणि स्टीफन बुचार्ड या लेखकद्वयानं हेच केलं. काही समीक्षकांना ते खटकतं, काहींना नाही. बखरी वाचत वाढलेल्या आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. तहाच्या तंबूत कोण काय म्हणालं हे आपल्या बखरकारांनीही असंच ठामपणे लिहून ठेवलंय.

पण या मालिकेपुढं एक खास अडचण होती. तिच्या पहिल्या भागातल्या सगळ्यांत भयंकर घटनेची खरी चित्रफीत उपलब्ध आहे. २२ जुलै १९७९. राष्ट्राध्यक्ष होऊन आठवडा झालेला. बगदादच्या खुल्द सभागृहात आपल्याच सत्ताधारी बाथ पक्षाच्या नेत्यांना बोलावलं, कट उघडकीला आल्याचं सांगितलं आणि एकेक नाव पुकारायला सुरुवात झाली. नाव आलं की माणसं त्याला उठवून बाहेर नेणार. मंचावर सद्दाम सिगार ओढत बसलाय, मधेच डोळे पुसतोय. ज्यांची नावं अजून आली नाहीत ते घाबरून जयजयकार करू लागतात. साठांहून अधिक जणांना त्या दिवशी बाहेर काढलं, वीसहून अधिक जणांना गोळ्या घातल्या, आणि गोळ्या घालायला उरलेल्या नेत्यांनाच पुढं केलं. हे सगळं सद्दामनं मुद्दाम चित्रित करून घेतलं आणि फिती पसरवल्या.

आता यावर नाट्य कसं रचणार? एकदा ती फीत पाहिलेल्या माणसाला कुठलाही अभिनय कमी पडतो. परीक्षणांत 'खऱ्याच्या जवळ जात नाही' अशी तक्रार दिसते तेव्हा बऱ्याचदा तिच्या मुळाशी हे असतं. या घराण्याचा पहिला दिग्दर्शक सद्दाम स्वतःच होता, आणि त्याला प्रेक्षक नेमका कळत होता.

कोण कुणाचं सोंग घेतो

सद्दामची भूमिका केली इगल नाओर यांनी. नाओर इस्रायली, पण त्यांचे आईवडील इराकमधून आलेले ज्यू. अरबी भाषेचा आणि त्या घरांचा वास त्यांना नवा नव्हता. समीक्षकांनी त्यांच्या कामाची जी तारीफ केली, तिच्यात एक मुद्दा समान दिसतो: आरडाओरडा न करता खोलीभर पसरणारी भीती. साजिदाचं काम केलं शोहरे अगदशलू यांनी. जन्म तेहरानचा, इराणी क्रांतीच्या सुमारास देश सोडलेला. ज्या माणसानं त्यांच्या मायदेशाशी आठ वर्षं युद्ध केलं, त्याच्या बायकोची भूमिका. तिच्यासाठी त्यांना २००९चा एमी पुरस्कार मिळाला, सहायक अभिनेत्रीचा.

जावई हुसेन कामेल झाले इजिप्तचे अम्र वाकेद. आणि इथं परीक्षण कसं फक्त वर्तमानपत्राच्या पुरवणीत होत नाही याचा नमुना दिसतो. इस्रायली नटासोबत काम केलं म्हणून इजिप्तमधल्या नटांच्या संघटनेनं वाकेद यांची चौकशी लावली, काम बंद पाडण्याचा इशारा दिला. मालिका तेव्हा कुणी पाहिलेलीही नव्हती. लंडनच्या समीक्षकासाठी नाओर हा उत्तम नट होता. कैरोतल्या संघटनेसाठी तो इस्रायलचा नागरिक होता. दोघांच्या दृष्टीनं 'पात्रनिवड' या शब्दाचा अर्थच वेगळा.

आणि हो, सगळे बोलतात इंग्रजीत, अरबी हेल काढून. यावरही नाराजीचा सूर निघाला. मला तो तितकासा पटत नाही. आपल्या मालिकांत औरंगजेब वर्षानुवर्षं मराठी बोलतोय, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. प्रेक्षकानं एकदा संकेत मान्य केला की भाषा आड येत नाही. हेल मात्र आड येतो. इंग्रजीच बोलायची तर सरळ बोला. घरातल्या घरात, मायलेकरांनी परक्यासारखे हेल काढून बोलण्यात कसली अस्सलता?

उंबरठ्याबाहेर

आता तो आक्षेप, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मालिकेचा कॅमेरा घराच्या आत आहे. तो बाहेर जातो, पण घरातल्या माणसाच्या मागून. त्यामुळं जे घरात आलं नाही ते कथेच्या मध्यभागी आलं नाही. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडला गेला, सुमारे पाच हजार माणसं मेली. इराणशी आठ वर्षं चाललेल्या युद्धात दोन्ही बाजूंची लाखो पोरं गेली. १९९१ मध्ये दक्षिणेत शियांनी आणि उत्तरेत कुर्दांनी उठाव केला, तो चिरडला गेला. हे सगळं या घराच्या टेबलावर एक ओळ, एक फोन, एक रागावलेला चेहरा एवढ्या रूपात मावतं.

आपल्यासाठी याची एक बाजू जवळची आहे. मालिकेच्या दुसऱ्या भागात कुवेतचा प्रश्न येतो: कर्ज, तेलाचे भाव, अपमान, आणि मग २ ऑगस्ट १९९०ची घुसखोरी. पडद्यावर तो एका तापट माणसाचा निर्णय आहे. त्याच निर्णयानं कुवेतमधले भारतीय एका रात्रीत उघड्यावर आले. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांचा पोशिंदा तेव्हा तिकडं होता. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामनं त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर गाजला आणि त्यावर टीकाही झाली. माणसं वाळवंटातून अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत उतरली. सुमारे एक लाख सत्तर हजार माणसं. आयुष्यभराची कमाई, बँकेतले दिनार, भाड्याच्या घरातलं सामान, सगळं मागं ठेवून आलेली. हे ज्यांनी भोगलं त्यांना त्या मालिकेत आपली गोष्ट सापडणार नाही. सापडावी अशी अपेक्षाही चुकीची असेल. पण 'यात इराकी जनता कुठं आहे?' असं समीक्षक विचारतो, तेव्हा तो काय विचारतोय हे त्यांना चटकन कळेल.

यावर मालिकेच्या बाजूनं म्हणणारे म्हणतात: नावातच 'हाउस' आहे, घराचीच गोष्ट सांगू असा करार आहे. कराराचं मला मान्य आहे. मात्र कराराला किंमत असते, आणि ती किती पडली हे मोजणं समीक्षकाचं कामच आहे. शिवाय घराच्या आत बसलं की आणखी एक सोय होते. बाहेरून या घराला कुणी शस्त्रं दिली, कुणी कर्ज दिलं, ऐंशीच्या दशकात कोण हात मिळवायला आलं, हेही फारसं दिसत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे दूत म्हणून डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करून आले होते. वीस वर्षांनी हेच रम्सफेल्ड संरक्षणमंत्री म्हणून त्याच्याविरुद्धचं युद्ध चालवत होते. सद्दामचा राक्षसीपणा त्याच्या स्वभावात आणि त्याच्या घरात शोधला की हा हिशेब विचारायची गरज उरत नाही. ब्रिटिश-अमेरिकी मालिकेला ही सोय परवडणारी होती, एवढं म्हणतो आणि पुढं जातो.

काल्पनिक देश काढला तर?

मग वाटेल, की खरं नाव घेतलं म्हणून एवढी कटकट. देशच काल्पनिक घ्यावा. अमेरिकेच्या एफएक्स वाहिनीनं तेच केलं आणि जास्त मार खाल्ला. जून २०१४ मध्ये 'टायरंट' सुरू झाली. देश 'अबुद्दिन', नकाशावर कुठंच नाही. हुकूमशहाचा धाकटा मुलगा बसाम वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात मुलांचा डॉक्टर म्हणून शांत आयुष्य जगतोय. पुतण्याच्या लग्नाला बायकामुलांसह मायदेशी जातो, बाप मरतो, थोरला भाऊ जमाल गादीवर बसतो आणि बसाम अडकतो. सीरियाची आठवण न येणं अवघड. तिथले पुढचे हुकूमशहा बशर अल-असदही लंडनमध्ये नेत्रविशारद होण्याचं शिक्षण घेत होते. १९९४ मध्ये थोरला भाऊ बासेल मोटार अपघातात गेला, म्हणून त्यांना परत बोलावलं. जून २०००मध्ये वडील हाफिज वारले तेव्हा बशर ३४ वर्षांचे होते आणि घटनेत अध्यक्षाचं किमान वय ४०. मग घटनेतला आकडा बदलून ३४ केला गेला.

'टायरंट'वरची टीका तीन बाजूंनी झाली. पहिली पात्रनिवडीवर: अरब नायकाच्या भूमिकेत अॅडम रेनर हा गोरा ब्रिटिश नट. कथेत त्याची आई इंग्रज दाखवली होती, पण त्यानं कुणाचं समाधान झालं नाही. दुसरी टीका चित्रणावर. पहिल्याच भागात जमाल बलात्कार करतो; तिथं शहाणा, सभ्य अरब शोधावा लागतो आणि जो सापडतो तो अमेरिकेत राहून आलेला. अमेरिकेतल्या मुस्लिम नागरी हक्क संघटनेनं मालिका दाखवली जाण्याआधीच तिच्यावर आक्षेप घेतला. तिसरी टीका देशाच्या काल्पनिकपणावरच. खऱ्या देशाला इतिहास असतो, पक्ष असतात, पंथ असतात, शेजारी असतात. अबुद्दिनला यातलं काही नाही, त्यामुळं तिथली हिंसा कुठल्याही कारणाशिवाय, 'तिकडचे लोक असेच' या गृहीतावर उभी राहते. सद्दामच्या मालिकेतली चूक दाखवता येते, कारण खरा सद्दाम होऊन गेला. अबुद्दिनबद्दल कुणी काहीही दाखवलं तरी खोटं ठरवणार कशाच्या आधारे?

गंमत म्हणजे ज्या जमालवरून एवढं रामायण झालं, ते काम करणाऱ्या अशरफ बरहोमची स्तुती टीकाकारांनीही केली. बरहोम हे इस्रायलमधले अरब नट. पात्र साचेबंद, नट मात्र साच्यात न मावणारा. मालिका तीन हंगाम चालली आणि २०१६ मध्ये बंद झाली.

इथं रॉटन टोमॅटोजसारख्या संकेतस्थळांच्या आकड्यांबद्दल दोन शब्द, कारण हल्ली आपण आधी तेच पाहतो. त्यावरचे साठ टक्के म्हणजे शंभरपैकी साठ गुण नव्हेत. शंभरातल्या साठ समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं, एवढंच. साठ जण 'बरी आहे' म्हणाले तरी साठ, आणि 'अजोड आहे' म्हणाले तरी साठच. शिवाय समीक्षकांना बऱ्याचदा सुरुवातीचे काही भागच आगाऊ मिळतात. पुढं मालिका सुधारली की बिघडली याचा त्या आकड्याशी संबंध नसतो. आणि एकानं अभिनयाला दिलेली दाद आणि दुसऱ्यानं पात्रनिवडीवर घेतलेला आक्षेप यांची बेरीज करून जे उरतं त्याला काही अर्थ नसतो. हुकूमशहाच्या मालिकेपुढं असा आकडा दिसला तर तो सोडून द्या आणि दोन परस्परविरोधी परीक्षणं शोधून वाचा.

माणूस दाखवला म्हणजे माफ केला का?

हा आक्षेप सगळ्यांत जुना. १९९० मध्ये ब्रिटनच्या एका उपग्रह वाहिनीवर 'हाइल हनी, आय अॅम होम' नावाची विनोदी मालिका आली होती. हिटलर आणि एव्हा ब्राऊन संसार थाटून बसलेत आणि शेजारी ज्यू जोडपं. पन्नाशीच्या दशकातल्या बाळबोध अमेरिकी मालिकांची टर उडवायचा बेत होता. एकच भाग दाखवला गेला, मग मालिका गुंडाळली. घरगुतीपणाची ताकद आणि तिचा धोका त्या एका भागानं दाखवला: कुणालाही सोफ्यावर बसवून 'अगं, चहा दे' म्हणायला लावलं, की तो शेजारचा काका वाटू लागतो.

'हाउस ऑफ सद्दाम'वरही हा आरोप झाला. मला वाटतं इथं साजिदाचं पात्र मालिकेच्या कामी आलं. सद्दाम मुलांचे लाड करतो तेव्हा आपण त्याच्याकडे पाहत नाही, तिच्याकडे पाहतो. तिचा भाऊ अदनान हेलिकॉप्टर अपघातात जातो. १९८९ची ही घटना खरी आहे, आणि अपघात खरा होता यावर इराकमध्ये फारसा कुणाचा विश्वास नव्हता. नवरा दुसरं लग्न करतो. मुलींचे नवरे मारले जातात. ती प्रत्येक वेळी काहीतरी गिळते आणि दुसऱ्या दिवशी दागिने घालून पुन्हा टेबलाशी बसते. हे माणूस दाखवणं आहे, पण त्यात माफी नाही. घरातली ऊब कशाच्या बदल्यात मिळते हे तिच्या तोंडावर दिसत राहतं.

मुसोलिनीवरच्या अलीकडच्या इटालियन मालिकेनं उलटी वाट धरली. जो राइटनं दिग्दर्शित केलेली ही मालिका २०२४च्या व्हेनिस महोत्सवात दाखवली गेली. लुका मारिनेल्लीचा मुसोलिनी अधूनमधून थेट कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशीच बोलतो, डोळा मारतो, आपल्याला कटात सामील करून घेतो. एका ठिकाणी तर चक्क इंग्रजीत 'मेक इटली ग्रेट अगेन' म्हणतो. इथंही समीक्षकांत दोन तट: कुणाला ही सावधगिरीची उत्तम तालीम वाटली, कुणाला भीती वाटली, की हसता हसता लोक त्याच्याच बाजूला जाऊन बसतील.

जाता जाता एक तपशील. इराकमध्ये युद्ध पेटलेलं असल्यानं सद्दामच्या मालिकेचं चित्रीकरण ट्युनिशियात झालं. तिथं तेव्हा झिन अल-अबिदिन बेन अली यांची राजवट होती, १९८७ पासूनची. त्यांची बायको लैला आणि तिचं माहेर, त्राबेल्सी कुटुंब, याच्या लुटीच्या कथा देशभर कुजबुजल्या जात होत्या. म्हणजे एका हुकूमशहाच्या घराचा सेट दुसऱ्या हुकूमशहाच्या परवानगीनं उभा राहिला होता. जानेवारी २०११ मध्ये बेन अली सौदी अरेबियाला पळाले आणि लोक त्राबेल्सींच्या बंगल्यांत शिरले, मोबाइलवर चित्रण करत, पोहण्याच्या तलावापासून न्हाणीघरापर्यंत.

डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमध्येही तेच झालं. बशर मॉस्कोला गेले आणि राजवाड्याची दारं सताड उघडी पडली. आत कौटुंबिक फोटो सापडले: ज्यांच्या पुतळ्यांकडे मान वर करून पाहायची सोय नव्हती ते हाफिज अल-असद नुसत्या चड्डीवर उभे, खुद्द बशरही तशाच अवतारात. बघता बघता ते फोटो हातोहात फिरू लागले. आया, शाळकरी पोरं, टॅक्सीवाले, सगळे ते एकमेकांना दाखवत होते आणि पोट धरून हसत होते.